गोलातला चेहरा

फोनवरचा गोल लाल झाला आणि त्याच्याखाली ओळ उमटली : चेहरा जुळला नाही. झोलेका वाचनालयाच्या मागच्या खोलीत उभी होती. पानं सुटलेली, पाठ मोडलेली पुस्तकं शिवायला आणि डकवायला तिच्याकडे या खोलीत येत. खिडकी मोठी, भिंत पांढरी, उजेड चांगला. सूचनांमध्ये लिहिलं होतं तसं सगळं तिने केलं होतं. चष्मा काढला होता. दाराला आतून कडी लावून डोक्याचा काळा रुमालही सोडला होता. गोलात चेहरा आणला, सांगितल्यावर डोळे मिटले, उघडले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग फोनने हसायला सांगितलं आणि ती हसली, म्हणजे ओठ बाजूला ओढले. गोल थोडा वेळ जात्यासारखा स्वतःभोवती फिरला आणि लाल झाला. याआधीही असंच झालं होतं. या वेळी मात्र लाल रंगाखाली आणखी एक ओळ आली : बँकेचे तपशील बदलता येणार नाहीत, कार्यालयात प्रत्यक्ष यावे. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. रस्त्यात कुणीतरी हाक मारून थांबवावं, जवळ येऊन नीट निरखावं, आणि ‘माफ करा हं, मला वाटलं तुम्ही त्या’ असं म्हणून निघून जावं, तसं काहीसं तिला वाटलं. अशा वेळी चूक समोरच्याचीच असते, पण उगाच आपलाच चेहरा पडतो. रुमाल परत बांधताना तिच्या लक्षात आलं की आपले हात ती गाठ आईसारखी मारताहेत, मागे, डाव्या कानाच्या जरा वर. हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं तिला आठवेना.

गोष्ट तशी साधी होती. लियेमाचं सरकारी अनुदान आजवर तिच्या आजीच्या, म्हणजे झोलेकाच्या आईच्या खात्यात येई. आई गेली आणि खातं बंद झालं. लियेमाचा सांभाळ आता झोलेका करते हे सरकारने मान्य केलं होतं, तसं पत्रही आलं होतं. राहिलं होतं ते फक्त जुन्या खात्याच्या जागी तिचं खातं जोडणं. तेवढ्यासाठी आपण झोलेकाच आहोत हे तिने सरकारला पटवून द्यायचं होतं. लियेमाला जन्म दिला तो अंदीस्वाने, झोलेकाच्या धाकट्या बहिणीने. पोरीला चालता येऊ लागलं त्या सुमारास ती जोहान्सबर्गला गेली, आणि आता नाताळात कधी तिचा फोन येई, कधी येत नसे. पोरगी आजीकडे वाढली. लग्न मोडल्यापासून आजीच्याच घरात झोलेकाही राहत होती, पण ती राहत होती म्हणजे तिची एक खोली होती, त्यात पुस्तकं होती आणि दार होतं. लियेमा त्या दारावर टकटक करून विचारी, ‘मोठी आई, आत येऊ?’ आईच्या थोरल्या बहिणीला मोठी आई म्हणायचं ही रीतच. तेव्हा त्या शब्दाला वजन आहे असं झोलेकाला कधी वाटलं नव्हतं. आता पोरगी टकटक करत नाही. दाराबाहेर नुसती उभी राहते, आणि ती उभी आहे हे झोलेकाला आतून कळतं.

संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा वारा सुटला होता. या शहरात वारा सुटला असं खरं तर कुणी म्हणत नाही, तो असतोच, पडला की तेवढं म्हणतात. समुद्रावरून येतो, क्वाझाखेले वस्तीच्या पत्र्यांवर बोटं वाजवत हिंडतो. पूर्वी तो तिच्या केसांत अडकून बसे. आता रुमालाखाली शिरला की थेट कातडीला लागे आणि तिला दरवेळी दचकायला होई, कुणी परक्याने डोक्यावर हात ठेवल्यासारखं. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात, पाण्याच्या निळ्या बादलीशेजारी स्टूल मांडून नोझुकोने घरातल्या सगळ्यांची डोकी भादरली होती. नोझुको ही आईची धाकटी बहीण, म्हणून झोलेकाची धाकटी आई. पहाडातल्या त्सोलोहून ती दफनासाठी आली ती अजून गेली नव्हती. वस्तऱ्याचं पातं ती स्वतःच्या मनगटावर पुसे आणि म्हणे, ‘मान खाली. अजून खाली. रडायचं असेल तर आत्ता रड, नंतर हललीस तर कापीन.’ झोलेका रडली नव्हती. पायाशी पडणाऱ्या केसांकडे ती बघत राहिली होती. त्यात कितीतरी पांढरे होते, हे तिला माहीतच नव्हतं. मग ते सगळ्यांचे केस एकत्र करून नोझुकोने कुंपणाच्या कोपऱ्यात पुरले. लियेमाचे, झोलेकाचे, तिचे स्वतःचे, कुठले कुणाचे ते वेगळं काढता आलं नसतं. दुखवट्याचं काळं उतरेपर्यंत बोडकं डोकं घराबाहेर दाखवायचं नाही, असं तिने तेव्हाच बजावलं होतं. ‘ते डोकं तुझं नाही. ते तिचं आहे. तिने परत दिलं की मग मिरव.’

नोझुको स्वयंपाकघरात मक्याचं मोकळं पीठ वाफवत होती. लियेमा टेबलाशी बसून आंबट दुधाच्या भांड्याकडे बघत होती, दूध पळून जाईल अशा नजरेने. ‘काय म्हणाला फोन?’ नोझुकोने न वळता विचारलं. झोलेकाने सांगितलं. ‘म्हणजे तू तू नाहीस म्हणाला.’

‘चेहरा जुळत नाही म्हणाला.’

‘तेच. तुमच्या शहरात गोष्ट लांबवून सांगतात एवढंच.’ नोझुकोने चमचा भांड्याच्या काठावर आपटला. ‘माझ्या गावातली शेळी संध्याकाळी आपलं दार ओळखते. आणि सरकारचा एवढा महागडा फोन, त्याला बाईचं तोंड ओळखता येत नाही.’

‘मी करू का तुझ्याऐवजी?’ लियेमा म्हणाली. ‘मला छान हसता येतं.’ आणि तिने हसून दाखवलं. पुढचा एक दात नुकताच पडला होता.

‘तू जेव,’ नोझुको म्हणाली. पोरगी ताट घेऊन पायरीवर गेल्यावर ती झोलेकासमोर येऊन बसली. आवाज खाली आणला. या बाईला आवाज खाली आणता येतो हे झोलेकाला या मुक्कामातच कळलं होतं. ‘हे बघ. मी रविवारच्या बसने जाणार. माझी कोंबडी, माझी जनावरं शेजारणीच्या जिवावर आहेत, आणि शेजारीण म्हणजे तुला माहीत आहे. मी म्हणते, पोरीला घेऊन जाते. तिकडे शाळा आहे. माझ्या सुना आहेत, त्यांची पोरं आहेत. इकडे कोण आहे? तू सकाळी जातेस, दिवे लागताना येतेस, आलीस की पुस्तक. शाळेच्या गाडीवाल्याला अनुदानातून पैसे जायचे ना? ते बंद. तो थांबलाय तो तिच्या आजीचं तोंड बघून, आणि ते तोंड आता नाही.’

‘माझा पगार आहे, धाकटी आई.’

‘पगार आहे, पण वर्ष संपलं की परत हात जोडून उभी राहतेस, ठेवा म्हणून. मी काय पैशाचं बोलते आहे? सरकारसुद्धा तुला तिची पालक म्हणून ओळखायला तयार नाही, म्हणते आहे.’ ती थांबली. ‘आणि तू तरी आहेस का तयार? मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही. सांगणार कुणाला, जिला सांगायचं ती गेली.’

झोलेकाला उत्तर देता आलं असतं. तिच्याकडे शब्द भरपूर होते, आयुष्यभर तिने तेच गोळा केले होते. पण प्रश्न असा नेमका बसला होता की त्याच्या बाजूने हात घालायला जागा नव्हती. तिने ताट ओढून घेतलं. पिठाचा घास आंबट दुधात कालवताना ती पायरीवर पाठमोऱ्या बसलेल्या पोरीचं डोकं बघत राहिली. त्यावर आता बारीक लव आली होती, आणि उतरत्या उन्हात ती कडेने पेटल्यासारखी दिसत होती. शाळेत सगळ्याच पोरींचे केस बारीक कापलेले असतात, त्यामुळे लियेमाला रुमाल लागत नव्हता. तिच्या दुःखाकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं. ‘शुक्रवारी कार्यालयात जाते,’ झोलेका म्हणाली. ‘जा,’ नोझुको म्हणाली. ‘मीही येते. नाही जुळलं तर रविवारी आम्ही दोघी जातो. कबूल?’ झोलेकाने मान हलवली. ती होकाराने हलली की नुसतीच, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण नोझुकोने होकार धरला आणि उठली. रात्र पडायच्या आत तिने आपली चौकड्याची बॅग पलंगाखालून काढली आणि ती हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवली. लियेमाचा हिवाळी कोट खुंटीवर नव्हता.

खोलीत गेल्यावर झोलेकाने आपलं जुनं हिरवं ओळखपुस्तक उघडलं. सरकारकडे तिचा चेहरा म्हणून जो होता तो हाच असणार. फोटोतल्या मुलीकडे, मुलगीच म्हणायची, पंचविशीतली, तिने पहिल्यांदा नीट बघितलं. घट्ट वेण्या टाळूवर बांधलेल्या. डोळे थोडे तिरपे. ओठ मिटलेले, पण मिटून धरलेले. त्यांच्या कोपऱ्यात काहीतरी दडपून ठेवलेलं. ही कशाकडे बघते आहे? त्या काळी गृहखात्याच्या कार्यालयाबाहेर फोटोवाले कुंपणाला पांढरी चादर बांधून बसत. आधीचं ओळखपुस्तक हरवलं होतं, वाचनालयातली जागा चालून आली होती, आणि आई बरोबर आली होती, कारण झोलेका एकटी गेली तर रांगेत पुढे घुसणाऱ्यांना काही बोलणार नाही अशी तिची खात्री होती. त्या दिवशी पहाटे आईनेच वेण्या घातल्या होत्या. पायऱ्यांवर, गुडघ्यांत डोकं धरून, डोळे कानापर्यंत जातील इतके केस ओढून. ‘दुखतंय’ म्हटलं की आई म्हणे, ‘दुखलं तरच टिकतं.’ चादरीपुढे उभं केल्यावर फोटोवाला म्हणाला, दात दाखवायचे नाहीत, आणि त्याच्या पाठीमागून आई कडाडली, ‘का? दात मोजून कर लावतात की काय? माझ्या पोरीचे दात सरकारने बघावेत, चांगले आहेत, सगळे आहेत.’ फोटोवाला म्हणाला, ‘माउली, नियम आहे.’ आई म्हणाली, ‘नियम करणाऱ्याला दात नसतील.’ रांग खदखदली आणि त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. म्हणजे फोटोतली ती मुलगी आईकडे बघत होती. डोळे आईने ओढलेले, ओठ आईमुळे दाबून धरलेले. त्या चेहऱ्यात आपलं असं काय होतं, झोलेका शोधू लागली. चेहरा म्हणजे आपल्या डोक्याच्या पुढच्या बाजूला असलेली वस्तू, अशी आपली समजूत असते. समोरच्याचा त्यात किती भाग आहे, हे समोरचा उठून गेल्यावर कळतं. फोन खोटं बोलत नव्हता. ही मुलगी त्याने कुठून आणून जुळवावी? तिने ओळखपुस्तक मिटलं. भिंतीपलीकडे नोझुको आणि लियेमा एकाच पलंगावर झोपल्या होत्या. नोझुको घोरत होती, आणि ती आईसारखी घोरत नव्हती, याचा झोलेकाला राग आला.

शुक्रवारी सभागृहात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि माणसं एकेका खुर्चीने पुढे सरकत होती. एक उठलं की सगळी ओळ उठे, बसे. दुरून बघितलं तर प्रार्थना चालली आहे असं वाटलं असतं. आईला अशा रांगा आवडायच्या. पैसे कार्डावर यायला लागले त्यानंतरही कितीतरी दिवस ती अनुदानाच्या दिवशी टोपी घालून, बुटांना तेल लावून बाहेर पडे. ‘कुठे निघालीस? पैसे तर यंत्रातून येतात,’ झोलेका म्हणे. ‘यंत्राच्या बाहेर माणसं असतात,’ आई म्हणे. दुखवट्यातल्या बाईने पुढे बसू नये म्हणून झोलेका शेवटच्या ओळीकडे वळली. हात पुढे करणाऱ्यांना तिने हात दिला नाही, बाहीवरचा काळा तुकडा बघून त्यांनीही तो मागे घेतला. नोझुकोला मात्र अशी बंधनं मानवत नव्हती. बसताक्षणी शेजारच्या काठीवाल्या म्हातारीने तिला विचारलं, ‘कुठली गं तू? कुळ कुठलं?’

‘बेले,’ नोझुको म्हणाली. ‘त्सोलोकडची.’

‘मग तसं सांग की, मांबेले! मी मादलोमो. माझा नवरा त्सोलोचाच. मेला, पण त्सोलोचाच.’

मांबेले. वस्तीत आईला सगळे याच नावाने ओळखत. बेले कुळातली लेक, म्हणून मांबेले. कागदावरचं तिचं नाव नोक्वेझी होतं हे दफनाच्या दिवशी कितीतरी शेजारणींना पहिल्यांदा कळलं. कुंपणावरून, दुकानातून, चर्चच्या पायऱ्यांवरून मांबेले, मांबेले. आई गेली तसं घराभोवतीचं ते नाव बंद झालं, आणि ती शांतता कसली आहे हे झोलेकाला इतके दिवस समजलं नव्हतं. पण नोझुकोही त्याच बापाची, त्याच कुळाची. नाव तिचंही होतं, तिच्या जन्मापासून होतं. आता ते ओळीतून पुढे निघालं. ‘मांबेले, तुमच्याकडे पाऊस झाला का?’ ‘मांबेले, ही तपकीर घे.’ ‘मांबेले म्हणते आहे की गावात मका उभा आहे.’ नोझुको आईच्याच सुरात उत्तरं देत होती की झोलेकालाच तसं ऐकू येत होतं, कोण जाणे. ती मान खाली घालून बसली. मान वर केली नाही तोवर सभागृहाच्या त्या कोपऱ्यात आई टोपी घालून बसलेली होती, रांगेचा आनंद घेत होती, आणि आपण फक्त बघायचं नव्हतं. तिने बघितलं नाही. ओळ उठली, ती उठली. ओळ बसली, ती बसली.

टेबलामागे मिस यान्चीस म्हणून बाई होत्या. गळ्यात ओळखपत्र, समोर थर्मास, आणि दिवसभर एकच वाक्य बोलून बसलेला घसा. त्यांनी झोलेकाचा क्रमांक टाकला, पडदा वाचला. ‘पालक म्हणून मंजूर आहात. खातंही तुमच्याच नावाचं आहे. चेहरा तेवढा पडतो आहे.’ त्यांनी छोट्या दांडीवरचा कॅमेरा तिच्याकडे वळवला. ‘चष्मा काढा. रुमाल काढा.’

झोलेकाचा हात रुमालापर्यंत गेला आणि थांबला. मागे भरलेलं सभागृह होतं. पुरुष होते.

‘रुमाल निघणार नाही,’ नोझुको म्हणाली. ‘आई गेली आहे तिची. डोकं भादरलेलं आहे.’

‘वाईट झालं, माउली. पण यंत्राला कपाळ, कान, सगळं लागतं. मी नाही ठरवलं.’

‘मग ज्याने ठरवलं त्याला बोलवा. त्याची आई आहे का विचारते.’

‘तो प्रिटोरियात असतो.’

‘असणारच. असल्या माणसांना लांबच ठेवतात.’

मिस यान्चीस हसल्या नाहीत, पण त्यांनी थर्मासचं झाकण उगाच फिरवलं. ‘मला कळतंय हो. कुणी गेलं की आमच्यातही आरसे झाकतात. पण आज नाही केलं तर अर्ज परत पहिल्यापासून. पोरीच्या आईची सही लागेल, ती कुठे आहे ते शोधा, मग पुढचं. मागे माणसं खोळंबलीत. मागच्या खोलीत नेलं असतं, पण वायर तिथवर पोचत नाही.’

झोलेकाला वाटलं, इथेच थांबावं. नियम मोडला तर आईचा अपमान. नाही मोडला तर पोरगी रविवारच्या बसमध्ये. आणि यात सोय अशी की दोष तिच्याकडे येत नव्हता. रीतच तशी, यंत्रच तसं. ती घरी जाईल, दार लावेल, दाराबाहेर कुणी उभं नसेल. ही सोय तिने पूर्ण बघितली, तळापर्यंत. तिथे तिला लियेमा दिसली नाही, खुंटी दिसली, जिच्यावर कोट नव्हता. ‘धाकटी आई,’ ती म्हणाली, ‘मी काढते रुमाल.’

नोझुकोने तिच्याकडे बघितलं. ती कितीही कडक असली तरी खोटी नव्हती. आपण जिंकतो आहोत हे तिला एव्हाना कळलं होतं, तिने नुसतं हात बांधून उभं राहायचं होतं. ‘थांब,’ ती म्हणाली. तिने खांद्यावरच्या शालीची पिन काढली, शाल दोन्ही हातांनी पसरली आणि झोलेकाच्या पाठीशी उभी राहिली. ‘मादलोमो!’ तिने हाक मारली. ‘ऊठ गं. बसून बसून तुझी हाडं गंजली असतील.’ काठीवाली म्हातारी उठली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. राखी, तपकिरी, चौकटीच्या शाली वर झाल्या, एकीची कड दुसरीच्या मुठीत गेली, आणि टेबलाभोवती लोकरीची एक लहानशी खोली तयार झाली. तिच्यात तपकिरीचा, धुराचा आणि चुलीवरच्या लोखंडी भांड्याचा वास होता. बाहेरून एक पुरुष म्हणाला, ‘आत काय जन्म होतोय का?’ मादलोमो म्हणाली, ‘होतोय. तू बापासारखा गप बाहेर उभा राहा.’

झोलेकाने गाठ सोडली. हवा डोक्याला लागली, पण ती गार नव्हती. शालीतून येणाऱ्या उजेडात मिस यान्चीसनी कॅमेरा सरळ केला. डोळे मिटा. उघडा. डावीकडे. उजवीकडे. हसा. झोलेकाने ओठ ओढले. गोल फिरला आणि लाल झाला. ‘आणखी एकदा घेते,’ मिस यान्चीस म्हणाल्या, ‘पण त्यानंतर यंत्र अर्ज बंद करेल. ताई, जरा जिवंत चेहरा करा.’

‘कसा करणार?’ शालीमागून नोझुको म्हणाली. ‘हिला लहानपणापासून हसायला परवानगी लागते. बहिणीला मी म्हणायची, पोरगी आहे की पावती?’

‘मांबेले, मग तूच हसव की तिला!’ मादलोमो म्हणाली. ‘माझे हात दुखायला लागले.’

मांबेले. झोलेकाने मान वर केली. कॅमेऱ्याच्या वर, जिथे दोन शाली एकमेकींना नीट भिडल्या नव्हत्या, तिथे नोझुकोने तोंड आत घातलं होतं. रुमाल कपाळावरून सरकलेला, हात वर करून करून घामेजलेली, चिडलेली. ‘अगं त्याला दात दाखव,’ ती म्हणाली. ‘तुला दात आहेत का तेच तो शोधतो आहे! गेल्या वेळी नको म्हणाले होते ना दात? तुझी आई मरेपर्यंत सांगत होती ती गोष्ट, दर नाताळात, माझे कान किटले. दात नाही दाखवले म्हणून तुझं लग्न टिकलं नाही असं तिचं मत होतं.’ झोलेकाला हे माहीत नव्हतं. आई ती गोष्ट कुणाला सांगते, दर नाताळात सांगते, हे माहीत नव्हतं. आणि लग्नाबद्दलचं हे मत तर अगदीच आईचं होतं. काहीतरी छातीतून वर आलं. ते हसू आहे की दुसरं काही, ठरवायला वेळ नव्हता. सभागृहात हे शोभणार नाही म्हणून तिने नेहमीप्रमाणे ओठ मिटून ते दाबलं, आणि ते कोपऱ्यांतून सुटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ती नोझुकोकडे बघत होती.

‘हलू नका,’ मिस यान्चीस म्हणाल्या. गोल फिरला. मग मिस यान्चीसनी पडदा तिच्याकडे वळवला. तिने चष्मा घातला नव्हता, अक्षरं दिसली नाहीत, रंग दिसला. हिरवा.

‘ओळखलं एकदाचं,’ नोझुको म्हणाली. तिने शाल खाली केली नाही. ‘आधी रुमाल बांध.’ झोलेका गाठ मारू लागली. टोकं सापडत नव्हती. तेव्हा शालीची कड मादलोमोच्या हातात देऊन नोझुकोनेच ती मारली, मागे, डाव्या कानाच्या जरा वर.

घरी येताना टॅक्सीत नोझुकोने खिडकीला डोकं टेकलं. एकदा म्हणाली, ‘मादलोमोच्या नवऱ्याचं घर मला माहीत आहे. आमच्यापासून टेकडी ओलांडली की.’ आणि बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखी, ‘माझ्या सुनांना तसंही आपलीच पोरं जड झालीत.’ झोलेकाने तिचा हात घेतला. दुखवट्यात हात द्यायचा नसतो. नोझुकोने तो काढून घेतला नाही. बाहेर वारा कागद उडवत होता. त्या हिरव्या रंगाचा आनंद झाला का, झोलेकाने स्वतःला विचारून बघितलं. आनंदापेक्षा ते वजनासारखं होतं, बाजारातून येताना पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तसं. आधी कुणीतरी धरली होती, आता आपण. कुणी विचारून दिलेली नसते.

लियेमा शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. दार उघडं होतं, पण ती आत गेली नव्हती. ‘जुळला?’ तिने विचारलं.

‘जुळला.’

‘कसा?’

‘धाकट्या आजीने मला हसवलं.’

लियेमाने नोझुकोकडे संशयाने बघितलं. ‘तुला हसवता येतं?’

‘मला पुष्कळ काही येतं,’ नोझुको म्हणाली आणि आत गेली. झोलेका तिच्यामागून दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. हॉलमध्ये भिंतीला लावलेली चौकड्याची बॅग नोझुकोने आडवी केली, चेन ओढली, आपले कपडे बाजूला सारत तळापर्यंत हात घातला आणि लियेमाचा हिवाळी कोट बाहेर काढला. तो फार नीट घडी घातलेला होता. तिने तो झटकला, कॉलर सरळ केली, एक बटण लोंबत होतं ते दाताने दोरा तोडून काढलं आणि झोलेकाच्या हातात दिलं. मग कोट खुंटीवर लावला.

‘शिवशील ना?’ ती म्हणाली. ‘पुस्तकं शिवतेस तशी.’